केरबा पैलवानाची तिसरी अखेरची कुस्ती

एखाद्या माणसाला अखेरचं पाहायचं म्हणून तुम्ही तिकीट काढलंत, हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्यात, घरी जाताना डोळे पुसलेत. आणि पुढच्याच वर्षी तोच माणूस त्याच मैदानात पुन्हा ‘अखेरचा’ म्हणून उभा राहिला, तर खोटं कोण बोललं? तो माणूस, त्याला उभा करणारा ठेकेदार, की पुन्हा तिकीट काढणारे तुम्ही?

उत्तराची घाई करू नका. या यादीत आणखी एक जण आहे, आणि त्याचा गुन्हा पहिला धरला पाहिजे. तो म्हणजे कुस्तीचं पत्रक लिहिणारा. तो मी.

सहा वर्षं मी कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आणि कधी तिकडे अंधेरी-बोरिवलीलाही कुस्त्यांची पत्रकं लिहिली, आणि टांग्यात उभा राहून पत्र्याच्या भोंग्यातून ती ओरडून सांगितली. या कामाला माझ्याइतका लायक माणूस सापडला नसता. माझे वडील गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचे आणि संध्याकाळी आमच्या कुर्ल्याच्या खोलीत संपाच्या पत्रकांच्या घड्या घालायचे. मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवर. ‘जागे व्हा!’, ‘एक व्हा!’, ‘आता माघार नाही!’ उद्गारचिन्हाशिवायही वाक्य संपतं, हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातलं काही ठाऊक नसतं, म्हणून थोडक्यात सांगतो. आमच्या कुस्त्या मातीतल्या नव्हत्या. त्या फ्रीस्टाइल. मैदानाला कनात लावायची, मधे लाकडी ओटा, त्यावर गाद्या, गाद्यांवर ताडपत्री, चारी बाजूंना दोर. पैलवान उचलून आपटायचे, दोरांवरून फेकायचे, लोक बेभान व्हायचे. पण कोण जिंकणार हे चार दिवस आधी ठेकेदाराच्या ओसरीवर चहा पिताना ठरलेलं असायचं. आमच्या बोलीत त्याला ‘जोड बसवणं’ म्हणत. आपटणं मात्र खरं असायचं. मोडलेली बरगडी ठरवून मोडता येत नाही.

माझं काम जोड बसल्यावर सुरू व्हायचं. पैलवानाला नाव द्यायचं, गाव द्यायचं, वैर द्यायचं. एकदा ठेकेदाराने मला एक गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा गडी दाखवला आणि म्हणाला, “हा रशियन.” मी त्याला ‘सैबेरियाचं अस्वल’ केलं. टांग्यातून तीन दिवस अस्वल अस्वल ओरडलो. चौथ्या दिवशी घाटकोपरच्या बाजारात हेच अस्वल एका कोळणीशी बांगड्याच्या वाट्यावरून भांडताना लोकांनी पाहिलं, तेही अस्सल वसईच्या बोलीत. संध्याकाळी कनात गच्च भरली. तो ओट्यावर चढताच लोक ओरडले, “अस्वला, बांगडे कसे दिले रे?” बिचाऱ्याने सैबेरियन डरकाळी फोडायच्या जागी हात जोडले आणि हसला. त्या दिवसापासून तो प्रेक्षकांचा इतका लाडका झाला, की त्याला हरवायचं कसं हाच ठेकेदारापुढे प्रश्न पडला.

ठेकेदार म्हणजे हीरजीभाई. घाटकोपरचे कच्छी गृहस्थ, धोतर, काळी टोपी, तोंडात कायम सुपारी. वाईट माणूस नव्हता. पैलवानाला दूध कमी पडू देत नसे. पण पत्रकाच्या बाबतीत त्याचा एक नियम होता आणि तो मला पहिल्याच दिवशी दरडावून सांगितला होता: “ए कविराज, तुला काय लिवायचा ते लिव. राक्षस लिव, वाघ लिव. पण एक शब्द लिवायचा नाय. निकाली.”

हा शब्द समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मातीच्या कुस्तीत पत्रकावर ‘निकाली’ छापलं, की ती शपथ असते. म्हणजे वेळेचं बंधन नाही, बरोबरीत सोडवणं नाही, दोघांपैकी एकाचे दोन्ही खांदे जमिनीला लागल्याशिवाय मैदान उठायचं नाही. आणि ती कुस्ती बसवलेली नसते. निकाली छापून बसवाबसवी केली आणि लोकांना वास लागला, तर कनात जळते, आणि ज्या पैलवानाने ती खेळली त्याला पुढे कुठल्याही तालमीत पाऊल ठेवता येत नाही. हीरजीभाईंच्या धंद्यात हा शब्द म्हणजे दारूच्या कोठारात काडी.

आता केरबा. केरबा पैलवान आमचा हुकमाचा एक्का. कोल्हापूरकडचा, पोरसवदा असताना गिरणीत आला, गिरणीच्या तालमीतून फ्रीस्टाइलमध्ये आला. माझ्या पत्रकातला ‘सह्याद्रीचा कडा’. चुरगळलेले कान, दोन माणसांच्या मांडीएवढी मान आणि आवाज मात्र इतका मऊ, की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. घाटकोपरच्या टेकडीच्या पायथ्याशी एका खोलीत तो आणि त्याची बायको गोदावहिनी राहायचे. मी नोकरीला लागलो तेव्हाच तो पन्नाशीला टेकला होता आणि डाव्या गुडघ्यात पाणी होतं.

केरबाला वाचता येत नसे. म्हणून त्याच्या कुस्तीचं प्रत्येक पत्रक छापून आलं, की मी ते त्याच्याकडे घेऊन जायचं आणि मोठ्याने वाचायचं, हा आमचा रिवाज होता. तो मांडी घालून बसायचा, पत्रक स्वतःच्या हातात धरायचा आणि मी बोट ठेवून वाचायचो. ‘सह्याद्रीचा कडा’ आलं, की दर वेळी म्हणायचा, “कडा कुठला, दगुड हाय नुसता,” आणि दर वेळी खूश व्हायचा.

हीरजीभाईंनी दोन वर्षांत दोनदा केरबाची ‘अखेरची कुस्ती’ लावली होती. दोन्ही पत्रकं माझीच. पहिल्या वेळी लोक रडले. दुसऱ्या वेळी रडले आणि हसले. तिसऱ्या वेळी हीरजीभाईंनी मला ओसरीवर बोलावलं आणि म्हणाले, “लिव. केरबा पैलवानची अखेरची कुस्ती. जोडीला मुलुंडचा बलबीर. केरबा पडेल, बलबीर त्याच्या पाया पडेल, लोक रडेल. झकास.”

बलबीर म्हणजे मुलुंडच्या निर्वासित छावणीतला पंजाबी तरुण. दिवसा ट्रकवर हमाली, सकाळी जोर-बैठका. अंगात रेड्याचं बळ आणि स्वभाव गाईचा.

मी म्हणालो, “शेठ, तिसऱ्यांदा अखेरची? लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणेल ते मी बघेल. तू लिव ने!”

मला संताप आला. ज्या माणसाने गिरणगावातल्या आखाड्यांत नावाजलेले मल्ल पाडले, त्याचा निरोप म्हणजे दरवर्षी येणारी नाटक कंपनी! मी छापखान्याकडे चालत निघालो तेव्हा माझ्या डोक्यात वडिलांची सगळी पत्रकं एकदम वाजत होती. सत्य लपवू नका! जनतेची फसवणूक थांबवा! छापखान्याच्या बाकावर बसून मी लिहिलं: ‘सह्याद्रीचा कडा केरबा पैलवान विरुद्ध मुलुंडचा बलबीर. अखेरची कुस्ती. निकाली!’

छापखान्यात नाबर मास्तर म्हणून मालवणचे म्हातारे खिळे जुळवायचे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझा कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. “झिला, ह्या ‘निकाली’ शेटान बघल्यान काय?”

“हो,” मी म्हणालो.

एवढंच. सत्यासाठी पेटलेला मी, आणि ते सत्य छापून घ्यायला पहिलं काम केलं ते खोटं बोलण्याचं. हीरजीभाईंना मराठी वाचता येत होतं, पण ते कच्च्या छपाईत फक्त वार, वेळ आणि मैदान बघायचे. दुपारपर्यंत लाल कागदाचे गठ्ठे तयार झाले आणि संध्याकाळपर्यंत आमच्या टांग्यातून ते कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत उडाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटकोपरात पाय ठेवला आणि मला कळलं, की मी काय करून बसलो आहे. हॉटेलात, सलूनमध्ये, नळावर, जिथे तिथे एकच शब्द. “निकाली आहे म्हणे!” “केरबा? निकाली? चल रे!” “अरे, छापलंय ना! हे बघ!” एक म्हातारे पेन्शनर माझा कागद खिशात घडी घालून फिरत होते आणि भेटेल त्याला दाखवत होते. मला इतका आनंद झाला की काय सांगू! सहा वर्षांत पहिल्यांदा लोक माझं पत्रक फेकून देत नव्हते.

हीरजीभाई मला बाजाराच्या तोंडाशी भेटले. सुपारी थुंकले, टोपी काढली, पुन्हा घातली. “हे काय लिवला तू? माझी वाट लागली! आता केरबा पडला ने, तर लोक बोलेल बसवलेली आहे. कनात जाळेल. आणि खरी खेळली तर तो पोरगा त्याचा पाय मोडून टाकेल. तू माणूस आहे की कसाई?”

“शेठ, दुसरं पत्रक काढू. चूक झाली म्हणून.”

“निकाली मागे घेतला म्हणजे केरबा घाबरला! असा लोक बोलणार नाय?”

त्यांचं बरोबर होतं. तोपर्यंत मला फक्त पत्रक दिसत होतं. हीरजीभाई ‘पाय’ म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा केरबाचा गुडघा दिसला.

मी रिवाजाप्रमाणे पत्रक घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. गोदावहिनी त्याच्या गुडघ्याला गरम विटेचा शेक देत होती. केरबाने कागद हातात धरला. मी बोट ठेवलं. ‘सह्याद्रीचा कडा’ आलं. “दगुड,” तो म्हणाला. मग बलबीर आलं. मग अखेरची. मग माझं बोट थांबलं.

“म्होरं काय हाय?”

“दादा… निकाली.”

वहिनीच्या हातातली वीट गुडघ्यावरच राहिली. तिला चटका बसला असणार, पण तिने हात काढला नाही. केरबा कागदाकडे बघत राहिला. त्याला अक्षर कळत नव्हतं, पण त्या शब्दावर तो बोट फिरवत होता.

“कुणी सांगितलं लिवायला?”

“कुणी नाही. मीच लिहिलं.”

“बलबीरला इचारलंस?”

“नाही.”

“मला?”

गोदावहिनी उसळली. “आरं मुडद्या! निकाली लिवताना तुझी शाई गेली, ह्यांचा गुडघा जातोय! बारा वरसं झाली खरी कुस्ती धरून. बारा वरसं! तुला काय, पोरा, पानभर कागुद!”

आणि मग एक गोष्ट झाली जिची मला अपेक्षा नव्हती. केरबा हसायला लागला. आधी गालात, मग पोटातून, मग असा, की शेजारचे दारात आले. त्याने मांडीवर थाप मारली, शड्डूच तो, भिंतीवरचा आरसा हलला.

“गोदे, बारा वरसं मी कुणाला पाडलं ते हीरजीनं ठरवलं. कुणी मला पाडलं तेबी हीरजीनं. आता मी पैलवान हाय का न्हाई, हे मला तरी कुठं ठावं हाय? हा पत्रकवाला गाढव हाय. पर लेका, बरं केलंस.” आणि मग माझा कान धरून, अगदी मऊ आवाजात म्हणाला, “पुन्यांदा दुसऱ्याच्या अंगावरनं शपथ घेऊ नगंस.”

मग त्याने अट घातली. निकाली म्हणजे मातीत. ताडपत्रीवर नाही.

त्यानंतरचे आठ दिवस घाटकोपरात जे झालं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा! मैदानाच्या कडेला मातीच्या कुस्तीसाठी हौदा खणायला सुरुवात झाली. लाल माती आली ती मुलुंडच्या डोंगराकडून, आणि ती घेऊन आला बलबीर स्वतः, त्याच्या ट्रकवाल्याला गळ घालून. मातीत ताक, तेल, हळद आणि कापूर घालून ती मळावी लागते, तेव्हा ती अंगाला चावत नाही. ताक कुठून आणायचं? गुजराती बिऱ्हाडांतून पातेली आली, कोकणी चाळींतून तांबे आले, एका म्हाताऱ्या बाईने हळदीचा अख्खा डबा उलटा केला आणि म्हणाली, “केरबाला सांगा, माझ्या घरची आहे. तोंडाला लागली तर थुंकू नको म्हणावं.” हीरजीभाई बाजूला खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला सांगू लागले, “मी तर पयल्यापासून बोलत होता. माती पायजे. निकाली पायजे.”

बलबीर मला एकदा हौद्याच्या काठावर गाठून म्हणाला, “भाई, तूने फँसा दिया. जीता तो लोग मारेंगे. हारा तो बोलेंगे, मिला हुआ था. और उस्ताद का घुटना मैं कैसे पकडूँ? मेरे बाप की उमर का है.” पायाने माती मळत उभा असलेला केरबा ते ऐकत होता. तो म्हणाला, “बलबीर, हात आखडता घेतलास तर मी मैदानातच तुला शिवी देईन. आनि मला शिव्या लई येत्यात.”

रविवार. दुपारचं ऊन कलत होतं. कनात नव्हतीच, कारण कनात लावून पुरलीच नसती. लोक भिंतींवर, झाडांवर, टेकडीच्या उतारावर. मी टांग्यावर भोंगा घेऊन उभा होतो. हलगी कडाडली. केरबा आला, डाव्या गुडघ्याला पट्टा आवळलेला. बलबीर आला, तेलासारखा चमकत. दोघांनी माती उचलून एकमेकांच्या खांद्यावर टाकली, सलामी दिली, आणि भिडले.

पहिल्या काही मिनिटांत मला कळलं, की मी सहा वर्षं कुस्ती पाहिलीच नव्हती. आमच्या फ्रीस्टाइलमध्ये सगळं उंचावरून पडायचं, आवाज व्हायचा. इथे आवाज नव्हता. दोन माणसं एकमेकांच्या मानेवर हात ठेवून नुसती उभी होती, आणि त्यांच्या पायाखालची माती हळूहळू मागे सरकत होती. बलबीरचं बळ जास्त. केरबा मागे, मागे, अजून मागे. मग बलबीरने उजव्या पायाचा पट काढायला सूर मारला. पट म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला ओढून पाडणं. केरबा पोटावर पडला, बलबीर त्याच्या पाठीवर. आता केरबाला उताणं करायचं एवढंच बाकी. बलबीर जोर लावत होता, केरबाचं तोंड मातीत, आणि त्याचा एक हात असा रोवलेला, जणू तिथे पुरला आहे.

तो सुटला! कसा ते मला सांगता येणार नाही. खांदा फिरला, कंबर फिरली आणि केरबा उभा! घाटकोपरची टेकडी ओरडली म्हणा ना! मी भोंग्यात काय बोललो ते मलाच ऐकू आलं नाही.

पुन्हा भिडले. ऊन उतरलं. पंच, आमचे निवृत्त ड्रिलमास्तर, घामाघूम होऊन शेजारी धावत होते. बराच वेळ गेल्यावर त्यांनी दोघांच्या मधे हात घातला आणि लोकांकडे पाहिलं, बरोबरीत सोडवू का म्हणून. त्या सगळ्या गर्दीतून एकच आवाज उठला: “निकाली! निकाली!” माझा शब्द माझ्या अंगावर धोंड्यासारखा आला. कारण त्या वेळी केरबा लंगडत होता.

आणि बलबीर दर वेळी उजव्याच पायाला हात घालत होता. डावा पाय समोर येत होता, मोकळा, उघडा, पण बलबीरचा हात तिथून वळत होता. मला ते दिसलं. केरबाला तर केव्हाच दिसलं होतं. त्याने बलबीरला ढकललं, दोन पावलं मागे झाला आणि ज्याचा आवाज ऐकायला वाकावं लागायचं त्या माणसाने अशी गर्जना केली, की हलगीवाला थांबला.

“ह्यो पाय काय देवाचा हाय? धर की! धर!”

आणि त्याने डावा पाय, पट्टा बांधलेला, पुढे टाकला.

बलबीरच्या चेहऱ्यावर काहीतरी फुटलं. त्याने डोळे मिटले आणि झेपावला. डावा गुडघा दोन्ही हातांनी धरला. केरबाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. पण गुडघा धरायला बलबीर खाली वाकला होता, आणि त्याची मान केरबाच्या काखेखाली आली होती. केरबाने ती दाबली, दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरला आणि आहे त्या एका पायावर गिरकी घेऊन स्वतःला मागे झोकून दिलं. दोघं हवेत. लाल मातीचा धुरळा. धुरळा बसला तेव्हा खाली बलबीर होता, आभाळाकडे तोंड करून, दोन्ही खांदे मातीला.

चीतपट!

पुढची पाच मिनिटं मैदानात कायदा नव्हता. हीरजीभाई माझ्या गळ्यात पडून रडत होते. नाबर मास्तर, ज्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, ते टोपी उडवत होते. आणि सगळ्यात आधी केरबाला खांद्यावर कुणी उचललं असेल, तर बलबीरने.

तो डाव होता की खरंच इमान होतं? गुडघा केरबाने आमिष म्हणून पुढे टाकला, की पोराने दया दाखवू नये म्हणून? मी त्याला पुष्कळदा विचारलं. तो म्हणतो, “तुला काय लिवायचं ते लिव.”

पण इथे गोष्ट संपली असती, तर मी हा लेख लिहिलाच नसता. केरबा खांद्यावर होता, लोक ओरडत होते, “परत! परत! परत कधी?” हीरजीभाई खालून ओरडले, “बोरिवली! पुढच्या महिन्यात! निकाली!” आणि वर बसलेल्या केरबाने, तोंडभर माती, डोळ्यांत पाणी, हात उंच केला. “व्हय!”

दुसऱ्या दिवशी तो गुडघा वाकेना. डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि म्हणाले, “पुन्हा असा ताण पडला, तर हा पाय जमिनीला टेकणार नाही.” संध्याकाळी मी खोलीवर गेलो तेव्हा हीरजीभाईंचा निरोप माझ्या खिशात होता: बोरिवलीचं पत्रक उद्या पाहिजे.

“आता काय लिवनार हाईस?” गोदावहिनीने विचारलं.

“दादा सांगतील ते,” मी म्हणालो. आणि या खेपेला माझ्या तोंडात दुसरं काही नव्हतं.

केरबा भिंतीला टेकून बसला होता. “लिव. केरबा पैलवान बोरिवलीला निकाली खेळणार.” मी लिहिलं. “वाच.” मी वाचलं. वहिनीने शेकाची वीट चुलीत सरकवली. “पुन्यांदा वाच.” मी पुन्हा वाचलं. त्याने डोळे मिटले होते. मला वाटतं, त्याला ते मैदान ऐकू येत होतं. मग त्याने हात पुढे करून स्वतःचा गुडघा उचलला, जसं एखादं गाठोडं उचलावं, आणि बाजूला ठेवला.

“खोड. लिव, केरबा पैलवान बोरिवलीला खेळणार न्हाई.”

लिहिलं. वाचलं.

“बोरिवली काढ.”

मी बोरिवली काढली. कागदावर उरलं: केरबा पैलवान खेळणार नाही.

“दादा, सुरुवातीला ‘सह्याद्रीचा कडा’ घालू?”

“कडा-बिडा काय नगं. ऱ्हाऊ दे आसंच.”

हीरजीभाईंनी डोकं धरलं. “न होणाऱ्या कुस्तीचा पत्रक कोण काढते?” पण नाबर मास्तरांनी उरलेल्या कागदावर ते छापलं, आणि छापायच्या आधी माझ्याकडे चष्म्यावरून बघून म्हणाले, “ह्या खरां मां?” मी म्हणालो, “खरं.” आणि शेवटी हीरजीभाईंनीच टांगा पाठवला आणि हलगीवालाही.

तो टांगा! पुढे हलगी, मागे मी भोंगा घेऊन, आणि आत केरबा स्वतः, डावा पाय समोरच्या बाकावर लांब करून. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड. मी ओरडत होतो, “केरबा पैलवान खेळणार नाही!” लोक धावत येत होते.

“कधी आहे?”

“नाही!”

“कुठे आहे?”

“कुठेच नाही!”

“मग ओरडतोस कशाला, लेका?”

लोक हसत होते, शिव्या देत होते, कागद वाचत होते आणि मग टांग्यात बसलेल्या माणसाकडे बघून हात जोडत होते. भांडुपला एका बाईने त्याला ओवाळलं. मुलुंडला बलबीर टांग्याच्या दांडीला धरून शेवटपर्यंत शेजारी चालला. सहा वर्षांत मी शेकड्यांनी विशेषणं छापली. जिच्यात एकही विशेषण नव्हतं, ती ओळ लोकांनी भिंतींवर जपून ठेवली.

मी ते काम नंतर सोडलं. आता एका साप्ताहिकात लिहितो, आणि लिहिण्याआधी ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला विचारतो. हे साधं वाटतं, पण मला ते शिकायला एका माणसाचा गुडघा लागला.

केरबा तिथेच आहे. मैदानाच्या कडेचा हौदा लोकांनी बुजवू दिला नाही. सकाळी तिथे चाळीतले, बाजारातले, छावणीतले सगळे माती अंगाला लावतात, आणि केरबा काठावर स्टुलावर बसून डाव सांगतो. दुपारी तो आपल्या खोलीवर लोकांची उतरलेली हाडं बसवतो. त्याचे हात पाहावेत असे आहेत. बलबीर मंगळवारी येतो, आणि नव्या पोरांना डावा पाय धरायला तोच शिकवतो.

पण रोज, अगदी रोज, कुणीतरी येतं. हाड बसवून घेतं, उठतं, आणि दारातून वळून म्हणतं, “पैलवान, परत कधी?” त्या वेळी केरबाची मान वर होते, नजर मातीकडे जाते. आत गोदावहिनीचा हात कामावरच थांबतो. मी ते पाहिलं आहे, आणि एकदाच पाहून मला पुरे झालं.

म्हणून वाचकहो, माझी एक मागणी आहे आणि ती तुम्ही पाळलीच पाहिजे. घाटकोपरला गेलात, तर त्याला भेटा. मोडलेला हात घेऊन जा, मजबूत शरीर असेल तर मातीत उतरा, नुसतं बघायचं असेल तर काठावर बसा. त्याला रामराम करा, त्या रविवारी तुम्ही कुठल्या भिंतीवर बसला होता ते सांगा, त्याला आवडतं. फक्त परत कधी, हे विचारू नका.

विचारलंत, तर तो हो म्हणेल.